जुनी फोर बाय फोर घ्यावी की नवी? आडवाटेच्या लांब प्रवासाआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

गॅरेज नाही, फोनला रेंज नाही, पुढचा पंप तीनशे किलोमीटरवर. अशा भागात जायचं ठरलं की गाडीचा प्रश्न निघतोच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘जुनी’ आणि ‘नवी’ म्हणजे नेमकी कोणत्या सालापासून?

सालापेक्षा बोनेटखाली काय आहे ते बघा. माझ्या हिशेबात तीन पिढ्या पडतात. पहिली पिढी यांत्रिक पंपाच्या डिझेलची. इंजिन चालू राहायला तिला जवळजवळ विजेची गरजच नसते. दुसरी पिढी कॉमन रेलची, म्हणजे एका सामाईक नळीत उच्च दाबाने डिझेल साठवून संगणकाच्या हुकमाने सोडणाऱ्या इंजिनांची. हे तंत्र कारमध्ये १९९७ साली आलं आणि पुढच्या दहा वर्षांत सगळीकडे पसरलं. तिसऱ्या पिढीत कॉमन रेलच्या जोडीला डीपीएफ, अ‍ॅडब्लू आणि एकमेकांशी बोलणारे डझनभर कंट्रोल युनिट आले (पहिल्या दोन्ही धूर साफ करण्याच्या गोष्टी, त्या प्रश्न ६ मध्ये).

साल फसवं असतं. टोयोटाची लँड क्रूझर ७० मालिका १९८४ साली आली आणि तिचं उत्पादन अजून बंद झालेलं नाही. तिच्यातलं ४.२ लिटरचं १एचझेड इंजिन २००५ सालचं असलं तरी या पानापुरतं ते ‘जुनं’च. उलट २०१८ची सुझुकी जिम्नी नवी खरी, पण तिला शिडीसारखी चेसी आहे, पुढे-मागे दोन चाकांना एकाच दांड्याने जोडणारे अखंड अ‍ॅक्सल आहेत आणि लो रेंजसाठी, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणाऱ्या गिअरसाठी, हाताने ओढायचा दांडा आहे.

२. फार खोलात नको. एका दमात सांगा, कोणती घेऊ?

स्वतः पाना हातात धरत असाल आणि महिनोन् महिने फिरणार असाल, तर पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीतली, नीट सांभाळलेली गाडी. दोन-तीन आठवड्यांची सुट्टी, सोबत लहान मुलं आणि गाडीखाली झोपायची हौस नसेल, तर नवी. फक्त अगदी पहिल्या वर्षातलं मॉडेल नको. ते दोन-तीन वर्षं लोकांच्या हाताखालून जाऊ द्या, खोडी बाहेर येतात.

नवी गाडी क्वचित अडते, पण अडली की तिला संगणक लागतो. जुनी वारंवार कुरकुरते, पण बहुतेक वेळा कुरकुरत का होईना गावापर्यंत येते. यातला कोणता त्रास तुम्हाला झेपेल, ते आधी ठरवा. आणि तिशीतली दमलेली गाडी ‘साधी’ म्हणून घेणं हा या सगळ्यातला सर्वांत महाग पर्याय ठरतो (प्रश्न १३).

३. जुनी गाडी कुठेही दुरुस्त होते म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. डिझेलची नळी फुटली, अल्टरनेटर बसला, पाट्याचं पान तुटलं, रेडिएटर गळू लागला, तर यातलं बरंचसं काम वेल्डिंग मशीन आणि डोकं असलेला कुठलाही मिस्त्री करून देतो. एकदा माझ्या गाडीची इंधनाची रबरी नळी उभी चिरली. चिरलेला तुकडा कापला, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वर दोन क्लिपा आवळल्या आणि १८० किलोमीटर आलो. कॉमन रेलच्या उच्च दाबाच्या पाइपवर हा प्रयोग स्वप्नातही करू नका. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो.

उरलेलं अर्धं म्हणजे सुटे भाग. दुरुस्ती सोपी असून उपयोग नाही, वस्तू मिळायला हवी. तीस वर्षांपूर्वी कमी खपलेल्या मॉडेलचा क्लच सिलेंडर शोधण्यात आठवडा जातो. म्हणून जिथे जायचं तिथे माणसं आणि माल वाहायला कोणत्या गाड्या धावतात ते आधी बघा. तिथल्या पिकअपमध्ये जे इंजिन आहे तेच तुमच्याकडे असेल, तर गाडी जुनी की नवी हा प्रश्न निम्मा सुटतो. तिथे सगळे दुसऱ्या पिढीतल्या कॉमन रेल हायलक्स (टोयोटाचे पिकअप) चालवत असतील, तर तिथल्या मिस्त्रीला तेच इंजिन पाठ असणार. तुमची १९८८ची दुर्मीळ गाडी बघून तो कौतुक करील आणि हात वर करील.

४. नवी गाडी रानात बंद पडली, तर मी काहीच करू शकत नाही का?

बरंच करू शकता, तयारीने गेलात तर. नव्या गाडीत बिघाड आला की बहुधा ती ‘लिंप मोड’मध्ये जाते. ताकद कमी होते, पण गाडी चालते. अशा वेळी संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड वाचता आला पाहिजे. गाडीचे दोष वाचायच्या ओबीडी यंत्रणेचं प्रमाणित सॉकेट अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून सक्तीचं झालं. त्यात बसणारा हाताएवढा स्कॅनर इंजिनाचे सर्वसाधारण कोड दाखवतो. गिअरबॉक्स, एबीएस, सस्पेन्शन यांच्यासाठी मात्र त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारं सॉफ्टवेअर हवं. ते घरी असतानाच फोनवर टाका आणि वापरून बघा.

पुष्कळदा दोष भलताच क्षुल्लक निघतो. चिखलाने भरलेला कनेक्टर, निसटलेला टर्बोचा होज, सैल बॅटरी टर्मिनल. हवा मोजणारा सेन्सर बिघडला, तर त्याचा प्लग काढून टाकल्यावर अनेक इंजिनं ठरावीक आकड्यांवर चालत राहतात. क्रँक सेन्सर गेला तर मात्र बहुतेक इंजिनं सुरूच होत नाहीत. तो अंगठ्याएवढा असतो, म्हणून जादा एक डब्यात टाका. चाव्यांचंही तेच. दुसरी चावी घरी कपाटात ठेवू नका, सोबतच्या माणसाच्या खिशात ठेवा.

५. डिझेल खराब मिळालं तर कोणती गाडी टिकेल?

जुनी. कॉमन रेलमध्ये दाब २,००० बारच्या वर जातो आणि इंजेक्टरच्या आतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. पाणी किंवा बारीक कचरा आत गेला की नोझल खरवडून निघतात, आणि त्यातला धातूचा चुरा टाकीपर्यंत पूर्ण लाइनभर फिरतो. जुन्या यांत्रिक पंपालाही पाणी मानवत नाही. तो सहन जास्त करतो एवढंच.

नव्या गाडीने जाणार असाल, तर पाणी वेगळं करणारा दुसरा फिल्टर बसवून घ्या. बदली फिल्टर दोन-तीन ठेवा. जिथे ट्रक थांबतात तिथेच भरा, कारण तिथलं इंधन टाकीत पडून राहत नाही. पिंपातून घ्यावं लागलं तर पिंप हलवू देऊ नका, आणि तळाचं डिझेल सोडून द्या. टँकर जमिनीखालच्या टाकीत इंधन ओतत असताना कधीच भरू नका, तळाचा गाळ तेव्हाच वर आलेला असतो.

गंधकाचा मुद्दा वेगळा. तिसऱ्या पिढीच्या गाड्या युरोपच्या १० पीपीएम किंवा अमेरिकेच्या १५ पीपीएम मर्यादेचं डिझेल गृहीत धरून बनवलेल्या असतात. जास्त गंधकाने धूर साफ करणारे कॅटॅलिस्ट निकामी होत जातात आणि इंजिन ऑइल लवकर आम्लधर्मी होतं. अशा इंधनावर काही आठवडे काढायचे असतील, तर ऑइल निम्म्या अंतरावर बदला.

६. डीपीएफ आणि अ‍ॅडब्लूची एवढी धास्ती का घेतात?

डीपीएफ म्हणजे काजळी पकडणारी गाळणी. ती भरली की गाडी आपोआप सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान चढवून काजळी जाळते. त्यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालणं लागतं. लो रेंजमध्ये दिवसभर दगडांवरून रांगणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. जाळणं अर्ध्यात तुटतं, काही गाड्यांत जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. म्हणून डिपस्टिक ‘कमी झालं का’ एवढ्यासाठी बघू नका, ‘वाढलं का’ तेही बघा. दोन-तीन दिवस रांगल्यावर मोकळा रस्ता मिळाला की अर्धा तास नीट पळवा. आणि गाळणी तापलेली असताना वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. अशाने वणवा पेटू शकतो.

अ‍ॅडब्लू म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया. त्याची टाकी वेगळी असते. ते संपलं की बऱ्याच गाड्या, एकदा बंद केल्यावर, पुन्हा सुरूच होत नाहीत. उणे ११ अंशाला ते गोठतं. टाकीत हीटर असतो, पण सुट्या कॅनमध्ये नसतो. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर इंजिन अजिबात सुरू करू नका. टाकी रिकामी करणं हाच मार्ग.

‘डीपीएफ काढून टाकू का?’ असंही बरेच जण विचारतात. कित्येक देशांत ते बेकायदा आहे. एवढं नको असेल तर मुळात डीपीएफ नसलेली दुसऱ्या पिढीतली गाडी घ्या.

७. पुढच्या-मागच्या डिफ लॉकपेक्षा नव्या गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल चांगलं असतं का?

डिफ म्हणजे डिफरन्शियल, वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच; लॉक त्या दोन चाकांना एकत्र बांधतं. आधी एक गैरसमज. साध्या जुन्या फोर बाय फोरमध्ये लॉक नसेल, तर चारही चाकं ओढत नाहीत. पुढचं एक आणि मागचं एक हवेत गेलं की ती दोनच गरगर फिरतात आणि गाडी जागच्या जागी.

ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, मग ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. चांगल्या प्रणाली थक्क करतात. नवख्या चालकाला तर त्या हमखास वाचवतात. पण चाक आधी थोडं फिरावं लागतं, तेवढ्यात ते खड्डा खणतं, आणि तासभर असंच चाललं की ब्रेक तापून प्रणाली विश्रांती घेते. यांत्रिक लॉक चाक फिरायच्या आधीच काम करतं. माझी पसंती मागच्या लॉकला. उरलेलं काम इलेक्ट्रॉनिक्सने करावं. मऊ वाळूत मात्र घसरणारी गाडी सावरणारी स्थैर्य प्रणाली बटणाने बंद करायला शिका. ऐन चढावर ती ताकद कापते आणि गाडी रुतते.

जुन्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतंच फोर व्हील गुंतवायच्या, गाडीसाठी आणखी एक. कोरड्या डांबरावर फोर व्हील गुंतवू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्याने वळणावर गिअर-शाफ्टच्या साखळीभर ताण साठतो आणि पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस रडते.

८. अखंड अ‍ॅक्सल बरा की स्वतंत्र सस्पेन्शन?

दगडात अखंड अ‍ॅक्सल, वेगाच्या खडबडीत रस्त्यावर स्वतंत्र. अखंड अ‍ॅक्सलमध्ये डिफच्या गोळ्याखालची उंची भार वाढला तरी तेवढीच राहते. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी दबली की पोट खाली येतं. नव्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या गाड्या हवेचं सस्पेन्शन फुगवून ही कसर भरतात. फुगे आणि कॉम्प्रेसर धडधाकट असेपर्यंत ते उत्तम चालतं.

९. पाण्यातून जायला कोणती?

कागदावर नवी. जुन्या डिफेंडरची मर्यादा ५०० मिमी होती, २०१९ साली आलेल्या नव्या डिफेंडरची हवेच्या सस्पेन्शनसह ९०० मिमी आहे. स्नॉर्केल, म्हणजे वरपर्यंत नेलेली हवेची नळी, फक्त इंजिनाला हवा पुरवतो. कनेक्टर, अल्टरनेटर आणि डिफ भिजायचे थांबत नाहीत. गाडी कोणतीही असो, डिफ आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) वर नेऊन बांधा आणि ओढा पार केल्यावर ऑइल बघा. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

१०. कुटुंब सोबत आहे. सुरक्षेचा फरक खरंच मोठा आहे का?

हो, आणि इथे मी जुन्या गाडीची वकिली करत नाही. खडीच्या रस्त्यावर गाडी घसरते, चालक स्टिअरिंग जास्त ओढतो, गाडी उलटते. समोर दुसरी गाडी असावीच लागत नाही. नेमकं हेच टाळायला स्थैर्य प्रणाली असते. युरोपीय संघात ती नोव्हेंबर २०१४पासून सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली. दवाखाना सहा तासांवर असताना एअरबॅग आणि चुरगळून धक्का पिणारा पुढचा भाग यांची किंमत वाढते, कमी होत नाही. लहान मुलं बसणार असतील तर माझ्यापुरता निर्णय इथेच होतो.

तरीही जुनीच घेणार असाल, तर प्रत्येक सीटला तीन बिंदूंचा पट्टा, डोक्याला टेका, आणि सामान व माणसं यांच्यामध्ये पक्की जाळी एवढं झाल्याशिवाय निघू नका. पट्टे जुने झाले की धागा कुजतो. नवे बसवा.

११. सामान किती नेता येतं? नवी गाडी जास्त ओढते ना?

ओढते जास्त, वाहते मात्र कधी कधी कमी. कंपनीने ठरवलेल्या कमाल एकूण वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की वाहनक्षमता कळते. नव्या गाड्या मुळातच जड झाल्यात. समजा ६५० किलो मिळाले. चार माणसं ३००, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, जादा टाकीत ८० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ६७, छतावरचा तंबू ६०, कॅरिअर ३०, पुढचा लोखंडी गार्ड ५०, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) ४०. बेरीज ६०७. म्हणजे फ्रिज, हत्यारं, दुसरी स्टेपनी, शिधा, कपडे या सगळ्यांना मिळून ४३ किलो! लोक इथेच फसतात. चेसीला तडे जातात, मागचे स्प्रिंग बसतात, आणि दोष गाडीच्या माथी येतो.

जाड स्प्रिंग घातल्याने कायदेशीर मर्यादा आपोआप वाढत नाही, ब्रेकही वाढत नाहीत. गाडी भरून एकदा काट्यावर घाला. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा मोजा.

१२. उंच डोंगरात जुनं इंजिन दमतं का?

टर्बो नसेल तर दमतंच. ४,००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश घनतेची असते. इंजिनाची ताकदही तेवढीच उरते आणि काळा धूर निघतो. टर्बोचं इंजिन हा तोटा बऱ्यापैकी भरून काढतं. गाडी बंद पडणार नाही. ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढण्याचा संयम ठेवा.

१३. जुनी घ्यायचं नक्की केलंय. बघताना काय बघू?

आधी चेसी. इंजिन बदलता येतं, कुजलेली चेसी म्हणजे गाडीच संपली. मागच्या चाकांवरची कमान, स्प्रिंगचे हँगर आणि आडवे सांधे स्क्रूड्रायव्हरने टोकरा. ताजा काळा रंग फासलेला दिसला की तिथे जास्त जोरात टोकरा. मग इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. मालकाने ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ म्हटलं, तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी या. ऑइलचं झाकण उघडून बघा. भसाभस वाफारा येत असेल तर रिंगा गेल्यात. पुढच्या अ‍ॅक्सलचे गोल नकल (जिथे चाक वळतं तो सांधा) ग्रीस-ऑइलच्या चिखलाने माखले असतील तर सील गेली आहेत. लो रेंज टाकून, गाडी चढावर नेऊन, गॅस सोडा. गिअर उडाला तर दुरुस्ती मोठी.

‘दणकट’ नावाने प्रसिद्ध इंजिनालाही नाजूक जागा असते. १एचझेडला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला त्याची पावती नसेल, तर बदललेलाच नाही असं धरा.

टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रबराला वय असतं, मग गाडी शेडमध्ये उभी का असेना. त्याच न्यायाने सगळे होज, पट्टे, ब्रेकच्या लवचीक नळ्या, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, चाकांच्या बेअरिंग हे सरसकट बदला. गाडीला जेवढे पैसे ठेवलेत त्याचा तिसरा हिस्सा या कामासाठी बाजूला काढा. आणि प्रवासाआधी किमान ५,००० किलोमीटर घराजवळ चालवा. काम केलेल्या गाडीचे नवे दोष पहिल्या दोन-तीन हजारांत दिसतात.

१४. नवी घेतली, तर निघण्याआधी काय करू?

पूर्ण आकाराची स्टेपनी आहे का, हे आधी. काही गाड्यांत बारीक तात्पुरतं चाक असतं, काहींत फक्त पंक्चरचं किट. मग रिम. २० इंची रिमवर टायरची भिंत बुटकी असते, वाळूत हवा कमी करायला वाव राहत नाही आणि दगडावर रिम वाकते. ब्रेकला बसत असेल तर १७ किंवा १८ इंची रिमवर या. कंपनीने परत बोलावून सुधारलेले दोष तुमच्या गाडीत दुरुस्त झालेत का, ते चेसी नंबर देऊन तपासा. स्कॅनर आणि सेन्सरचं प्रश्न ४ मध्ये आहे.

१५. नव्या गाडीला दुसरी बॅटरी जोडली तर काही बिघडतं का?

जुन्या गाडीत साधा रिले पुरतो. नव्या गाडीतला अल्टरनेटर इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे रिलेवरची दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते. व्होल्टेज उतरलं तरी बॅटरी पूर्ण भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवा. दिवे किंवा विंचसाठी मूळ हार्नेसच्या वायरी सोलून टॅप मारू नका, गाडी भलतेच दोष दाखवू लागते. बॅटरीपासून वेगळी, फ्यूज घातलेली लाइन ओढा.

१६. वॉरंटी आहे म्हणजे निर्धास्त, नाही का?

वॉरंटी टो-ट्रकच्या पल्ल्यापर्यंतच कामाची. परदेशात ती लागू आहे का, आणि खराब इंधनाने गेलेले इंजेक्टर त्यात बसतात का, हे लेखी विचारा. दुसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं.

१७. सीमा ओलांडून जाणार असेन तर जुन्या-नव्याने फरक पडतो का?

कार्नेट मागणाऱ्या देशांत पडतो. कार्नेट म्हणजे गाडी तिथे विकणार नाही याची हमी, आणि त्यासाठीची अनामत गाडीच्या किमतीवर ठरते. महागडी नवी गाडी म्हणजे मोठी रक्कम अडकून पडणार. पुष्कळ जण निव्वळ या हिशेबावर जुनी गाडी निवडतात आणि मग तिच्या साधेपणाचे गुण गातात.

१८. विजेवर चालणारी फोर बाय फोर?

टॉर्क आणि नियंत्रण अप्रतिम. पण वीज कॅनमधून नेता येत नाही. चार्जिंगची जागा पल्ल्यात असेल तर जा. वाळू आणि चिखलात पल्ला निम्म्यावर येऊ शकतो, हे धरून मोजा.

१९. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवलेलं मिळतंय. दोन्हींचे फायदे मिळतील ना?

बहुतेक वेळा दोन्हींची डोकेदुखी मिळते. बदल नीट केलेला असेल तर गाडी झकास पळते. पण तिची वायरिंग कोणत्याच पुस्तकात नसते. ती असते ज्याने ती केली त्याच्या डोक्यात. इंजिन एका मॉडेलचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, रेडिएटरचा होज तिसऱ्याचा. दूरवरचा मिस्त्री ‘गाडी कोणती?’ विचारतो तेव्हा तुमच्याकडे एका शब्दाचं उत्तर नसतं.

तरी घ्यायचीच असेल, तर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वायरिंगचा हाताने काढलेला का होईना नकाशा, प्रत्येक पट्टा-होज-फिल्टर कोणत्या गाडीचा आहे त्याची यादी, आणि कागदपत्रांवर नव्या इंजिनाचा नंबर चढवल्याचा पुरावा. नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.